चक्करवाल्या रुग्णाला तज्ज्ञाकडे नेताना: कागद, तपासणी आणि व्यायाम, एकेक टप्प्याने

मी तोलाच्या तपासण्या करते. समोर बसलेला रुग्ण पहिलं वाक्य जवळजवळ नेहमी हेच बोलतो : "मॅडम, चक्कर येते." पिशवीतून एमआरआयच्या फिल्म निघतात, गळ्यात पट्टा असतो, दोन वर्षं चाललेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं असतात. आणि "एकदा आली की किती वेळ टिकते?" असं विचारलं की सगळं घर एकमेकांच्या तोंडाकडे बघतं. निदान मात्र त्या एका उत्तरावर अडलेलं असतं.

चुका ठरलेल्या आहेत आणि त्या होतात क्रम उलटा झाल्यामुळे. आधी गोळी, मग स्कॅन, मग मानेचा पट्टा आणि शेवटी कानाची तपासणी, खरं तर तोलाचं इंद्रिय कानाच्या आतच असतं. म्हणून हा क्रम.

टप्पा 1 : आधी हे ठरवा, अपॉइंटमेंट घ्यायची की थेट हॉस्पिटल गाठायचं

चक्करीसोबत खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर बाकीचा लेख बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा.

- तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, एकाचे दोन दिसणं
- आधाराशिवाय उभं राहता किंवा बसताही न येणं
- अचानक, पूर्वी कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी किंवा मानदुखी
- छातीत दुखणं, धडधड, शुद्ध हरपणं

हा मेंदूचा झटका (स्ट्रोक) असेल तर रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यामुळे रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ कागदावर लिहून घ्या. "सकाळपासून" असं सांगून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. "सव्वासातला चहा घेतला तेव्हा बरे होते" हे उपयोगाचं. तोंडात साखर घालणं, लिंबूपाणी पाजणं, "जरा पडा, बरं वाटेल" म्हणून झोपवणं यात तास निघून जातात. ज्याचं बोलणं अडखळतंय त्याला तोंडाने काहीही देऊ नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

> सावध : सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मेंदूच्या मागच्या भागातला छोटा झटका सीटीत सहसा दिसत नाही, पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयमध्येही कधी कधी सुटतो. रुग्णाला उभंच राहता येत नसेल तर "रिपोर्ट नॉर्मल, घरी जा" हे मुकाट मान्य करू नका, न्यूरोलॉजिस्टला दाखवण्याचा आग्रह धरा.

आणखी एक गोष्ट लोक सर्रास अंगावर काढतात. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं आणि सोबत चक्कर असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. यावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोगाचे. "मळ असेल" म्हणून कानात कोमट तेल घालत आठवडा काढलेले रुग्ण मी पाहते. अशा वेळी मलाही काही बोलवत नाही.

टप्पा 2 : आठवडाभर नोंद ठेवा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि बिनपैशाचा. वरचं काही नसेल तर अपॉइंटमेंटच्या दिवसापर्यंत एका वहीत चक्करीच्या प्रत्येक झटक्याची नोंद करा.

आपल्याकडे शब्दांची कमी नाही : भोवळ, घेरी, गरगरणं, अंधारी, झोक जाणं. पण तोच माणूस सकाळी "गरगरतं" म्हणतो आणि दुपारी "डोकं हलकं वाटतं" म्हणतो. तज्ज्ञ त्यामुळे शब्दावर फारसे विसंबत नाहीत. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात : किती वेळ टिकली, काय करताना आली, सोबत काय होतं.

किती वेळ. घड्याळ बघून मोजा. इथली गफलत ठरलेली आहे. एक आजी सांगत होत्या, "दिवसभर फिरतं." सूनबाईंनी मोजलं तर प्रत्यक्ष फिरणं तीस-पस्तीस सेकंदांचं निघालं. उरलेला दिवस मळमळ आणि धास्ती. या दोन्ही गोष्टी खऱ्या, पण वेगवेगळ्या लिहायच्या.

- एक मिनिटाच्या आत, कूस बदलताना किंवा मान वर करताना : कानातले खडे सरकल्याची शक्यता. याला बीपीपीव्ही म्हणतात, पुढे सविस्तर येतं.
- 20 मिनिटांपासून काही तास, सोबत एका कानात दडा, आवाज आणि ऐकू कमी येणं : मेनिएर्सचा (आतल्या कानाच्या एका विकाराचा) विचार होतो.
- 5 मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत काहीही, मायग्रेनचा पूर्वेतिहास, उजेड किंवा आवाज सहन न होणं : चक्करीचं मायग्रेन. यात डोकं दुखलंच पाहिजे असं नाही, म्हणून ते फार वेळा निसटतं.
- सलग एक-दोन दिवस किंवा जास्त, उलट्या, पडून राहूनही फिरणं : तोलाच्या नसेची सूज किंवा मेंदूचा झटका. यातला फरक घरी करता येत नाही, लगेच दाखवा.
- तीन महिन्यांहून जास्त, जवळपास रोज, मॉलमध्ये किंवा गर्दीच्या फलाटावर वाढणारं डुलल्यासारखं वाटणं : याचंही वेगळं निदान आणि वेगळा उपचार आहे. "मनाचे खेळ" म्हणून सोडून देऊ नका.

काय करताना. अंथरुणात कूस बदलताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, माळ्यावरचा डबा काढताना, नमस्काराला वाकल्यावर, बसल्याचं उठताना. नेमकं लिहा. कूस बदलताना असेल तर *कोणती* कूस, तेही.

चांगली नोंद अशी दिसते : *मंगळवार, पहाटे 5.20. उजव्या कुशीला वळले. दोन-तीन सेकंदांनी खोली फिरू लागली. 25 सेकंद. उलटी नाही, मळमळ 10 मिनिटं. कानात आवाज नाही. डाव्या कुशीवर काही झालं नाही.* एवढ्यावर तज्ज्ञाचं अर्धं काम होतं.

डोळ्यांचा व्हिडिओ. झटका चालू असताना घरच्यांनी मोबाइल रुग्णाच्या चेहऱ्यापासून फूटभरावर धरावा, खोलीतला दिवा लावावा आणि डोळ्यांचं चित्रण करावं. आधी समोर बघायला सांगा, मग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. तीस सेकंद पुरतात. रुग्ण डोळे घट्ट मिटून घेतो, त्याला उघडे ठेवायला लावा. बुबुळ कोणत्या दिशेला झटके देतं त्यावरून बिघाड कानात आहे की मेंदूत याचा अंदाज येतो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत झटका बहुधा गेलेला असतो, मग आमच्या हाती तेवढा व्हिडिओच उरतो.

उठल्यावर अंधारी येत असेल तर घरच्या यंत्रावर ब्लड प्रेशर मोजा : पाच मिनिटं आडवं पडून एकदा, उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर गाठ कानाशी नसून रक्तदाबाशी आहे. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या हे नेहमीचं कारण. फिजिशियनला दाखवा, गोळी स्वतःहून बंद करू नका.

> पडताळा : वहीत निदान तीन झटके, सेकंद किंवा मिनिटांसह? कूस लिहिली? व्हिडिओ मिळाला असेल तर फोनमध्ये सापडेल असा ठेवलाय?

टप्पा 3 : गोळ्यांची यादी करा, आणि काय थांबवायचं ते विचारून घ्या

सगळी पाकिटं एका पिशवीत भरून आणा. वरचं ब्रँडचं नाव सोडा, मागे बारीक अक्षरांत छापलेलं औषधाचं नाव बघा. तीन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या तीन वेगळ्या गोळ्यांत एकच औषध निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन, डायमेनहायड्रिनेट ही चक्कर दाबणारी औषधं. तोलाच्या नसेला सूज येऊन उलट्या होत असतील तर पहिले दोन-तीन दिवस ती लागतात, त्यात चूक काही नाही. पुढे मात्र बिघडलेल्या कानाशी जुळवून घ्यायचं काम मेंदूला करायचं असतं, आणि ही औषधं त्याला गुंगीत ठेवतात. यातली सिनॅरिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन म्हाताऱ्या माणसांत महिनोन्‌महिने चालली तर हात थरथरणं, पाय घासत चालणं, चेहरा निर्विकार होणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात, आणि मग त्यावर वेगळी गोळी सुरू होते. मेडिकलवाल्याला जुनी चिठ्ठी दाखवून पाकीट आणणं इथेच थांबवा.

काही तपासण्यांआधी चक्कर दाबणाऱ्या गोळ्या आणि दारू 48 तास बंद ठेवायला सांगतात, कारण त्यांनी डोळ्यांच्या हालचाली मंदावतात आणि रिपोर्ट चुकतो. अपॉइंटमेंट घेतानाच यादी वाचून दाखवा आणि "यातलं काय थांबवायचं?" असं विचारा.

> सावध : बीपी, मधुमेह, हृदय, थायरॉइड, फिट्स यांची औषधं बंद करायची नाहीत. बरेच दिवस चालू असलेली झोपेची किंवा क्लोनाझेपामसारखी गोळीही एकदम तोडायची नाही. त्रास अंगाशी येतो.

पूर्वी टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन किंवा आयसीयूत अमिकासिन, जेंटामायसिन अशी इंजेक्शनं झाली असतील तर ते यादीत ठळक लिहा. ही इंजेक्शनं दोन्ही कानांतलं तोलाचं इंद्रिय खराब करू शकतात. असा रुग्ण "चक्कर" म्हणतच नाही. तो सांगतो, चालताना दुकानांच्या पाट्या हलतात, अंधारात पाय कुठे पडतोय कळत नाही. इंजेक्शनचा कोर्स होऊन वर्षं लोटलेली असतात, म्हणून कोणी सांगतही नाही.

टप्पा 4 : कोणाकडे जायचं

पहिली पायरी कान-नाक-घसा तज्ज्ञ. मायग्रेनचा इतिहास किंवा नसांची काही तक्रार असेल तर न्यूरोलॉजिस्ट. काही जण खास तोलाच्या विकारांवर काम करतात, त्यांच्याकडे ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याच्या तपासण्या करणारे) आणि तोलाचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात. असं केंद्र जवळपास नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजचा कान-नाक-घसा विभाग गाठा.

फोनवर एकच प्रश्न विचारा : "झोपवून, मान वळवून चक्करीची तपासणी करता का?" हो म्हणाले तर जा. त्या तपासणीला एक पलंग आणि पाच मिनिटं लागतात, तरीही ती न करता एमआरआय लिहून दिल्याच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात.

मानेचं म्हणाल तर चाळिशीनंतर एक्स-रे काढला की मणक्याची झीज अनेकांत दिसतेच. ती दिसली म्हणजे चक्कर तिच्यामुळे, असं होत नाही. पट्ट्याने मान आखडते, रुग्ण डोकं हलवायचं टाळतो आणि तोल सावरायला आणखी उशीर होतो.

टप्पा 5 : तपासणीचा दिवस

- हलकं खाऊन या, पण दोन-तीन तास आधी. उपाशी येऊ नका, भरल्या पोटीही नको.
- काजळ, मस्कारा नको. डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा चढतो आणि त्याच्या संगणकाला काजळाची काळी रेघच बुबुळ वाटते.
- सैल कपडे घाला, डोकं पलंगाखाली झुकवून झोपायचं असतं.
- सोबत माणूस हवा. परत जाताना रुग्णाने स्कूटर चालवायची नाही.
- मानेचं ऑपरेशन, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, कानाच्या पडद्याला भोक असेल तर पलंगावर चढण्याआधी सांगा.

आधी श्रवणचाचणी होते. मग अंधाऱ्या चष्म्यात डोळ्यांच्या हालचाली टिपल्या जातात. डोक्याला छोटा, झटपट झटका देऊन नजर लक्ष्यावर टिकते का ते बघतात. गरज पडली तर कानात थंड आणि गरम पाणी किंवा हवा सोडून दोन्ही कानांची तुलना करतात. पाणी 30 आणि 44 अंशांचं असतं, भाजत नाही, पण मिनिटभर चांगलंच गरगरतं. तेच अपेक्षित असतं.

मुख्य तपासणीत मान 45 अंश वळवून रुग्णाला झटकन मागे झोपवतात, डोकं किंचित खाली लोंबतं. आधी काहीच होत नाही. रुग्ण म्हणतो, "मला तर काही..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत माझी बाही पकडतो. पडद्यावर बुबुळ खालच्या कानाकडे पिळवटत वरच्या दिशेला झटके देऊ लागतं, वेग वाढतो, मग ओसरतो. वीस-तीस सेकंदांत सगळं शांत. खडे आतल्या कानाच्या तीन नळ्यांपैकी मागच्या नळीत आहेत आणि कोणत्या कानात आहेत, दोन्ही तिथेच कळतं.

> सावध : या क्षणी डोळे मिटून घेतले, उठून बसलात किंवा "नको नको" करत मान वळवली की तपासणी वाया जाते. त्रास अर्ध्या मिनिटाचा आहे. डोळे उघडे ठेवा.

टप्पा 6 : खडे जागेवर नेण्याची क्रिया

कानाच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण एका पटलावर चिकटलेले असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलताच चुकीचा संदेश जातो. कण नळीतून बाहेर काढायचे असतात आणि गोळीला ते जमत नाही. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते बाहेर काढतात, त्याला एप्ली म्हणतात.

पहिली वेळ तज्ज्ञाच्या हातून करून घ्या. घरी करायची तर बाजू आणि नळी दोन्ही नक्की ठरलेली असावी, आणि तज्ज्ञाने "घरी करा" असं सांगितलेलं असावं. *उजव्या* कानाच्या मागच्या नळीसाठी क्रम असा :

1. पलंगावर पाय लांब करून बसा. आडवं झाल्यावर उशी खांद्याखाली येईल अशी ठेवा. मान 45 अंश उजवीकडे.
2. मान तशीच ठेवून झटकन मागे झोपा. डोकं उशीपलीकडे थोडं खाली. फिरणं थांबेपर्यंत, आणि त्यापुढे 30 सेकंद थांबा.
3. डोकं न उचलता सावकाश डावीकडे वळवा, डावीकडे 45 अंश होईपर्यंत. 30 ते 60 सेकंद.
4. आता अंगासकट डाव्या कुशीवर या. डोकंही सोबत वळवा, नाक जमिनीकडे. पुन्हा 30 ते 60 सेकंद.
5. हनुवटी छातीकडे ठेवून डाव्या बाजूने पाय खाली सोडत उठून बसा. दहा मिनिटं उठू नका. जवळ कोणीतरी असू द्या.

डाव्या कानासाठी सगळं उलट.

सगळ्यात जास्त बिघडते ती तिसरी पायरी. वळताना डोकं वर उचललं जातं आणि कण मागे घसरतात. दुसरी चूक घाईची : फिरणं थांबायच्या आत पुढची स्थिती. तिसरी, मोबाइलवर व्हिडिओ बघून "उजवाच असेल" म्हणत केलेली एप्ली. आडव्या नळीतल्या खड्यांसाठी क्रिया वेगळी असते, तिथे ही एप्ली करून उपयोग नाही.

नंतर आठवडाभर तीन उशांवर बसून झोपण्याची गरज नाही. एक-दोन दिवस पाय तरंगल्यासारखे वाटतात, ते चालतं.

> पडताळा : दोन दिवसांनी, पलंगावरच, आधी ज्या कुशीवर फिरत होतं त्या कुशीवर वळून बघा. काही झालं नाही तर काम झालं. झालं तर परत जा, एकापेक्षा जास्त वेळा क्रिया करावी लागणं नेहमीचं आहे.

टप्पा 7 : तोलाचे व्यायाम

नसेची सूज, एका कानाचा अधूपणा किंवा इंजेक्शनांनी झालेलं नुकसान असेल तर उपचार म्हणजे व्यायाम. मूळ व्यायाम साधा आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयावरची एक तारीख निवडा, हातभर अंतरावर बसा. नजर तारखेवर खिळवून डोकं "नाही नाही" म्हणतो तसं डावी-उजवीकडे हलवा. अक्षर धूसर होऊ लागेल त्याच्या जरा अलीकडचा वेग धरा. एक मिनिट झालं की थांबा, मग "हो हो"सारखं वर-खाली. ताज्या दुखण्यात दिवसातून निदान तीन वेळा, मिळून 12 मिनिटांच्या आसपास. जुन्या दुखण्यात 20 मिनिटं. आठवड्याने उभं राहून, पुढे चालता चालता. वेळ आणि पायऱ्या तुमच्या फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या.

लोक दुसऱ्या दिवशीच सोडतात : "व्यायाम केला की चक्कर वाढते." वाढायलाच हवी, थोडी. मेंदूला चूक दिसल्याशिवाय तो ती दुरुस्त कशी करणार? व्यायाम थांबवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पूर्ववत वाटलं तर मात्रा बरोबर. तासभर मळमळत राहिलं तर वेग निम्मा करा, पण बंद करू नका.

दरम्यान घरात : रात्रीचा छोटा दिवा, न्हाणीत धरायला दांडा, घसरणारी पायपुसणी बाजूला, स्टुलावर चढणं बंद. शीर्षासन आणि सूर्यनमस्कार तज्ज्ञाने सांगेपर्यंत नको.

टप्पा 8 : पुन्हा कधी दाखवायचं

बीपीपीव्ही बरा झाल्यावर महिन्याभरात एकदा तपासून घ्या. तो काहींना परत होतो, कधी दुसऱ्या कानात, त्यामुळे जुन्या बाजूची एप्ली डोळे झाकून सुरू करू नका. ड जीवनसत्त्व तपासून घ्यायला हरकत नाही, कमतरता असेल आणि त्रास वारंवार होत असेल तर ती भरून काढल्याने फायदा दिसला आहे.

दोन-तीन वेळा नीट क्रिया करूनही फरक नसेल तर चौथ्यांदा तीच करून घेण्याऐवजी सगळ्या नळ्यांची तपासणी नव्याने करायला सांगा. बुबुळ सरळ खालच्या दिशेला झटके देत असेल, आडवं झाल्यावरचं फिरणं मिनिटभरानंतरही थांबत नसेल, किंवा नव्याने डोकेदुखी आणि चालताना तोल जाणं सुरू झालं असेल, तर एमआरआयची वेळ आता आली. आणि सोबत टप्पा 2 मधली वही न्या.